कवींचा स्तनभार आणि बाईची पाठ

दिवाळी अंकाच्या मुखपृष्ठावर बाई असावी, तिच्या हातात निरांजन किंवा फुलांचे तबक असावे आणि चित्रकाराने तिचा बांधा हात न राखता रंगवलेला असावा, हा आपल्याकडचा जुना रिवाज आहे. त्याला कुणी हरकत घेत नाही. अंक घरी येतो, आजोबा चाळतात, सूनबाई चाळते, मुलेही चाळतात. पण त्याच अंकाच्या आतल्या पानावर त्याच बांध्याच्या दुखण्याविषयी चार ओळी छापायच्या म्हटल्या, की ‘अहो, घरात सगळे वाचतात!’ असा कुजबुजता सूर निघतो. बाईची छाती रंगात चालते, उपमेत चालते, लावणीत तर चालतेच चालते; दुखायला लागली की मात्र ती अश्लील होते. माझे भांडण या एका गोष्टीशी आहे, आणि ते मी सणाच्या दिवसांत मुद्दाम काढते आहे. कारण एरवी घरातली सगळी माणसे एका ठिकाणी सापडत नाहीत.

हे भांडण काढणारी मी पहिली नव्हे. रघुनाथ धोंडो कर्व्यांनी १९२७ साली ‘समाजस्वास्थ्य’ मासिक काढले आणि १९५३ मध्ये डोळे मिटेपर्यंत चालवले. शरीराविषयी सरळ भाषेत लिहिल्याबद्दल त्यांच्यावर अश्लीलतेचे खटले झाले. १९३४ साली त्यांची बाजू मांडायला डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले होते. आज कर्व्यांच्या नावाने व्याख्याने होतात, त्यांच्यावर नाटके-चित्रपट होतात, आपण टाळ्या वाजवतो; आणि घरी येऊन सुनेला सांगतो, ‘असल्या गोष्टी बोलायच्या नसतात.’

तर विषय सांगून टाकते. स्तनांचा आकार आणि वजन कमी करण्याची शस्त्रक्रिया. ती करावी की न करावी हा ज्या त्या बाईचा प्रश्न. माझे म्हणणे एवढेच, की ती हौस नव्हे, उपचार आहे. आणि उपचार आहे म्हणूनच तो डोळे उघडे ठेवून, सगळे विचारून-सवरून घ्यायचा असतो. जे तिला ‘नटण्याचे खूळ’ म्हणून हसतात आणि जे गुळगुळीत जाहिरातींतून ‘सुंदर व्हा’ म्हणून ती विकतात, ते दोघे मला एकाच माळेचे मणी वाटतात. बाईला दुखते आहे ही गोष्ट दोघांच्याही गावी नाही.

वैद्यक मी शिकलेली नाही. शाळेत शिवण शिकवते आणि संध्याकाळी गृहिणींचा वर्ग घेते. कादंबऱ्या लिहिते, पण त्यांचा इथे उपयोग नाही. उपयोग आहे तो गळ्यात टाकलेल्या टेपचा. वीस वर्षे बायकांची मापे घेतलेल्या माणसाला काही गोष्टी डॉक्टरांच्या आधी दिसतात. खांद्यांवर ब्रेसियरच्या पट्ट्यांनी पडलेले खळगे दिसतात, बोट आत बसावे असे. पुढे आलेली मान आणि पाठीचा पोक दिसतो. वैशाखात स्तनांखालच्या घडीत घाम साचून सोलवटलेली कातडी दिसते. तिथे बुरशी धरते, आग होते, पावडर टाकून बाई दिवस काढते. आणि ऐकू काय येते? ‘बाई, जरा सैलच शिवा हं.’ सैल शिवून ओझे हलके होत नाही. ते फक्त लोकांना दिसेनासे होते.

माझ्या वर्गात एक बाई येत असे. वय अडतीस, बँकेत नोकरी, दोन मुले. मान, खांदे आणि संध्याकाळी डोके, असे तिचे दुखण्याचे वेळापत्रक ठरलेले. दहा वर्षांत तिने तेल चोळले, शेकले, पट्टा बांधला, गोळ्या घेतल्या, आसने केली, उशा बदलल्या. हाडांच्या डॉक्टरांनी पाठीचे फोटो काढले. फोटो स्वच्छ निघाले. सगळ्यांनी तिला पाठीमागून तपासले, समोरून कुणी पाहिलेच नाही! शेवटी व्यायाम शिकवणाऱ्या एका तरुण मुलीने संकोच न करता विचारले, ‘ताई, हे वजन तुम्ही किती वर्षे वागवताय?’ त्या दिवशी ती माझ्या वर्गात येऊन रडली. दुखण्याला पहिल्यांदाच कुणीतरी त्याच्या नावाने हाक मारली होती.

आता आमच्या साहित्यिक मंडळींकडे वळते, कारण या मौनाला त्यांचा मोठा हातभार आहे. कालिदासाच्या मेघदूतात यक्ष आपल्या पत्नीची खूण सांगतो: ती स्तनांच्या भाराने किंचित वाकलेली आहे. कवीची नजर पाहा! बाई वाकली आहे हे त्याने बरोबर टिपले. इतके अचूक निरीक्षण आमच्या हाडांच्या डॉक्टरांनाही जमले नाही. पण टिपून त्याने त्याचे सौंदर्य केले. तिची पाठ दुखते का, हे ना यक्षाने मेघाला विचारायला सांगितले, ना पुढच्या टीकाकारांपैकी कुणाला सुचले. मग तोच स्तनभार उचलून कवी, शाहीर आणि कादंबरीकार दीड-दोन हजार वर्षे मिरवत आहेत. मिरवणारे ते, वाहणारी ती. माझ्या धंदेबंधूंच्या कादंबऱ्यांत नायिकेचा ऊर धपापतो, भरून येतो, पदराआड लपतो. एकाही नायिकेच्या खांद्यावर पट्टीचा वळ पाहिल्याचे मला आठवत नाही.

आणखी एक मौज. कालिदासाने त्याच श्लोकात यक्षपत्नीला सडपातळही म्हटले आहे. ‘वजन कमी कर, सगळे जागच्या जागी येईल’ असे सांगणाऱ्यांनी एवढे तरी ध्यानात घ्यावे. स्तनात चरबी असते तशा दुधाच्या ग्रंथीही असतात, आणि त्यांचे प्रमाण प्रत्येकीचे निराळे. चरबी अधिक असेल तर अंग उतरल्यावर स्तनही थोडे उतरतात. ग्रंथी अधिक असतील तर गाल बसतात आणि ओझे तसेच राहते. शिवाय जिला चार पावले धावता येत नाही तिला धावून वजन उतरव म्हणणे म्हणजे पाय बांधून शर्यतीत उतरवणे. २००२ साली अमेरिकेत ‘ब्राव्हो’ या नावाने ओळखला जाणारा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. वजन उतरवणे, खास ब्रेसियर, व्यायामोपचार, असे शस्त्रक्रियेवाचूनचे उपाय आणि शस्त्रक्रिया यांची त्यात तुलना होती. साध्या उपायांनी कायमचा आराम पडल्याचे दिसले नाही. शस्त्रक्रियेने दुखणे ठळकपणे कमी झाले. याचा अर्थ साधे उपाय करूच नयेत असा नव्हे. नीट मापाची ब्रेसियर आधी घ्यावीच. आमच्याकडे निम्म्या बायका चुकीच्या मापाची घालतात, हे मी टेपच्या अनुभवावरून सांगते. स्थूल बाईने वजन उतरवून स्थिर केले तर भूल आणि जखम दोन्ही सोपे जातात. पण ‘आधी बारीक हो, मग दुखणे ऐकू’ हा न्याय नव्हे.

‘देवाने दिलेल्या शरीराला सुरी कशाला लावायची?’ हा दुसरा आक्षेप. तो ऐकला की मला पुण्याची आठवण होते. टिपूशी झालेल्या १७९२ च्या लढाईत इंग्रजांच्या फौजेतला कावसजी नावाचा एक बैलवाला कैद झाला; त्याचे नाक आणि एक हात कापला गेला. पुढे पुण्याजवळ एका मराठी कारागिराने, विटा करणाऱ्यांच्या जातीतला तो माणूस होता, कपाळाची कातडी उतरवून त्याला नवे नाक बसवून दिले. ती हकीकत चित्रासह १७९४ च्या ऑक्टोबरात लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझीन’मध्ये छापून आली आणि तिथल्या शल्यवैद्यांचे डोळे उघडले. ज्याला आज प्लॅस्टिक सर्जरी म्हणतात तिच्या आधुनिक इतिहासाचे एक पान असे आपल्या पुण्याच्या वेशीवर लिहिले गेले. मुंबईत जे. जे. रुग्णालयात डॉ. नोशीर अंतिया यांनी हीच विद्या कुष्ठरोग्यांच्या बसक्या नाकांसाठी आणि वाकड्या बोटांसाठी वापरली. त्यांना कुणी म्हणाले नाही, की कुष्ठरोग्याला नटायची हौस कशाला. मग बाईच्या पाठीचाच प्रश्न आला की ही विद्या एकाएकी चैनीची कशी होते?

एक गंमत अशी, की असल्या शस्त्रक्रियेचे जे जुने लेखी वर्णन सापडते ते बाईचे नाहीच. सातव्या शतकात एजायना बेटावरच्या पॉल नावाच्या ग्रीक वैद्याने पुरुषांची वाढलेली छाती कमी कशी करावी ते लिहून ठेवले, आणि कारण असे दिले, की पुरुषाला त्यामुळे बायकीपणाचा बट्टा लागतो. पुरुषाला नुसती लाज वाटली तर वैद्याने सुरी हाती घेतली. बाईला वेदना होत होत्या तेव्हा कवीने लेखणी घेतली.

असो. आता आत काय घडते ते सांगते. माझ्या ओळखीच्या एका शल्यवैद्य भगिनीने कागदावर काढून समजावले, आणि मी थक्क झाले, कारण तो तर आमचाच विषय निघाला. १९५६ साली रॉबर्ट वाइज या अमेरिकन शल्यवैद्याने ही शस्त्रक्रिया आखण्याचा एक नमुना प्रसिद्ध केला. तो त्याने ब्रेसियर शिवणाऱ्यांच्या कापडाच्या नमुन्यांवरून बेतला होता. सपाट कापडाला टक्स घालून गोलाई कशी आणायची, हे कटोरी ब्लाउज शिवणारी कोणतीही बाई जाणते. शल्यवैद्य उलट्या दिशेने जातो. मोठ्या गोलाईतून चुण्यांएवढा भाग काढून घेतो आणि उरलेल्या कडा जोडून लहान गोलाई करतो. त्याआधी बाईला उभी करून अंगावर खुणा करतात, आपण खडूने करतो तशाच. आडवे झाल्यावर माप चुकते, हेही आपल्याला ठाऊक असलेलेच. त्यानंतर पद्धती पुष्कळ निघाल्या. स्वीडनच्या स्ट्रोंबेकने १९६० मध्ये एक सुचवली, बेल्जियमच्या मॅडलिन लेझूर या बाईंनी १९९० नंतरच्या दशकात आडवा व्रण टाळणारी पद्धत लोकप्रिय केली. पण वाइजचा कागद अजून वापरात आहे.

शस्त्रक्रिया पूर्ण भूल देऊन होते आणि साधारण दोन ते चार तास चालते. स्तनाग्र कापून फेकत नाहीत, ही भीती पुष्कळींना असते म्हणून सांगते. ते आपल्या देठावर, म्हणजे खालच्या मांसाच्या एका पट्ट्यावर, रक्तवाहिन्या आणि शिरांसकट जोडलेलेच ठेवून वर सरकवतात. फार मोठ्या स्तनांत देठ लांबतो, रक्त पोचेनासे होते. तेव्हा क्वचित ते सुटे काढून कातडीच्या कलमासारखे पुन्हा बसवावे लागते. असे केले तर तिथली संवेदना जाते आणि त्यातून दूध पाजता येत नाही. ‘माझ्या बाबतीत देठ राखणार की कलम करणार?’ हा प्रश्न शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशी नव्हे, पहिल्या भेटीत विचारायचा असतो.

व्रण राहतात. ‘खूण राहणार नाही’ असे जो सांगेल त्याच्या दवाखान्याची पायरी दुसऱ्यांदा चढू नये. एक व्रण गडद वर्तुळाभोवती, एक तिथून खाली उभा, आणि वाइजच्या पद्धतीत एक खालच्या घडीत आडवा. जहाजाच्या नांगरासारखी आकृती होते. काही महिने ते लालसर, उठावदार दिसतात, मग वर्ष-दीड वर्षात फिके पडतात. पुसले जात नाहीत. आपल्या सावळ्या कातडीला जाड व्रण धरण्याची खोड अधिक असते. कान टोचल्यावर किंवा पूर्वीच्या टाक्यांवर जिला गाठ आली असेल तिने ते आवर्जून सांगावे. उभा आणि आडवा टाका जिथे भेटतात तो कोपरा भरायला वेळ घेतो, अधूनमधून उकलतोही; बहुधा मलमपट्टीने बरा होतो. रक्त साचणे, पू होणे, आत चरबीची गाठ धरणे, दोन बाजूंत थोडा फरक राहणे, हेही घडू शकते. स्तनाग्राची संवेदना कमी होते, काहींची जाते, काहींची महिन्यांनी परत येते. माझ्या वर्गातली ती बाई पहिल्यांदा ज्या दवाखान्यात गेली तिथे यातले एक अक्षरही तिला सांगितले नाही. हप्त्यांचा तक्ता मात्र पुढे सरकवला. ती तशीच उठून आली, हे तिने शहाणपणाचे केले.

आता दुधाचा प्रश्न. यावर आमच्या घरांत जेवढे बोलले जाते तेवढे बाईच्या पाठीवर कधी बोलले गेले नाही. ‘मूल व्हायचे आहे अजून, आणि हिला हे सुचतंय!’ सासूबाईंचे हे वाक्य काळजीचे असते, मी नाकारत नाही. खरे काय ते असे. देठ राखलेल्या पद्धतीत पुष्कळ बायका पुढे बाळाला पाजू शकतात. काही पुरते पाजतात, काहींना वरचे दूध जोडावे लागते, काहींना मुळीच जमत नाही. आधी खात्रीने सांगता येत नाही. पाजणे जिला फार महत्त्वाचे वाटते तिने मुले होईपर्यंत थांबणे हा एक मार्ग आहे. शिवाय गरोदरपणात आकार पुन्हा बदलतो, हेही ध्यानात घ्यावे. पण थांबायचे की नाही हे तिने ठरवावे, कारण तोवर मान तिचीच मोडणार आहे. पंचविशीची अविवाहित मुलगी दुखण्याने हैराण असेल, तर अजून न जन्मलेल्या बाळाच्या आणि अजून न ठरलेल्या जावयाच्या वतीने तिला नकार देणाऱ्यांची मला कमाल वाटते! शाळकरी मुलींचे मात्र निराळे. वाढ पुरी होईपर्यंत, बहुधा अठरापर्यंत, थांबावे असे शल्यवैद्य सांगतात. वयात येताना छाती अचानक भराभर वाढू लागली तर ती गोष्ट थांबण्याची नव्हे, लगेच डॉक्टरांकडे नेण्याची आहे. खेळाच्या तासाला दर आठवड्याला पोटदुखीची चिठ्ठी येत असेल, तर आईने चिठ्ठी लिहिण्यापूर्वी एकदा मुलीजवळ बसावे.

यापुढचे मला फार महत्त्वाचे वाटते, आणि ते जाहिरातीत सापडणार नाही. तंबाखू. शस्त्रक्रियेआधी निदान चार आठवडे आणि नंतरही तेवढेच दिवस ती पूर्ण बंद हवी. तिच्यातल्या निकोटिनने बारीक रक्तवाहिन्या आवळतात. देठावर जगणाऱ्या स्तनाग्राला रक्त पुरले नाही तर तो भाग काळा पडून मरतो. हे ऐकले की आपल्या बायका म्हणतात, ‘आम्ही कुठे विड्या ओढतो?’ आणि सकाळी उठून मशेरी लावतात. डॉक्टरीणबाई ‘सिगारेट ओढता का’ विचारते, रुग्ण खरेपणाने ‘नाही’ म्हणते, आणि दोघींच्या मधून ती भाजलेली तंबाखू गुपचूप निसटते. मशेरी ही तंबाखूच. गुडाखू ही तंबाखूच. दात घासण्याच्या नावाखाली ती तोंडात गेली तरी रक्तात जाऊन तेच करते. कुणी न विचारता ही गोष्ट सांगावी; डॉक्टरांनीही सिगारेटचे न विचारता ‘दात कशाने घासता’ असे विचारावे.

गर्भनिरोधक गोळ्या, रक्त पातळ करणारी औषधे, घरगुती काढे, सगळे सांगावे; गोळ्यांनी पायात रक्ताची गाठ धरण्याचा धोका वाढतो. मधुमेह ताब्यात हवा. चाळिशी उलटली असेल किंवा घरात कुणाला स्तनाचा कर्करोग झाला असेल तर आधी मॅमोग्राफी करून घ्यावी, कारण शस्त्रक्रियेनंतर आतली घडण बदलते आणि पुढच्या चित्रांशी ताडून पाहायला आधीचे चित्र लागते. काढलेला भाग तपासणीसाठी प्रयोगशाळेत जायला हवा. त्यात क्वचित न कळलेला रोगही सापडतो.

शल्यवैद्य निवडताना पाटी वाचावी. एम्. एस्. नंतर प्लॅस्टिक सर्जरीत एम्. सीएच्. किंवा त्या तोडीची राष्ट्रीय मंडळाची पदवी आहे का, हे सरळ विचारावे. खऱ्या वैद्याला त्याचा राग येत नाही. कातडी गोरी करण्याच्या दुकानाशेजारी उघडलेल्या चकचकीत दालनापेक्षा के. ई. एम्., सायन, नायर, जे. जे. किंवा पुण्याचे ससून यांसारख्या सरकारी आणि पालिकेच्या रुग्णालयांतला प्लॅस्टिक सर्जरीचा विभाग मला जवळचा वाटतो. तिथे रांग असते, खाट मिळायला वेळ लागतो. पण त्या हातांनी भाजलेले, चिरडलेले, कर्करोगाचे रुग्ण पाहिलेले असतात.

आणि मग घर. शस्त्रक्रियेनंतर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी बाई चालती-फिरती होते. बसून करायच्या कामावर दोनेक आठवड्यांत जाऊ शकते. पण चार ते सहा आठवडे जड उचलायचे नाही आणि हात ताणायचे नाहीत. हे कागदावर वाचायला सोपे आहे. आपल्या घरात त्याचा अर्थ असा: पाण्याची बादली नाही, भरलेला कुकर नाही, गाद्या घालणे नाही, वरच्या फळीवरचा डबा नाही, कणीक तिंबणे नाही, दोन वर्षांचे पोर कडेवर नाही. आधाराची घट्ट ब्रेसियर रात्रंदिवस. शल्यवैद्य ही यादी बाईच्या हातात देतो. ती खरे म्हणजे यजमानांच्या हातात द्यायला हवी आणि वाचून दाखवल्याची सही घ्यायला हवी. माझ्या त्या विद्यार्थिनीचे टाके नवव्या दिवशी एका कोपऱ्यात उकलले. कारण विचारू नका. घरी पाहुणे आले होते एवढेच सांगते. महिनाभराने ते भरले. आज तिला दुपारी डोकेदुखीची गोळी लागत नाही, आणि वर्गात ती भिंतीला पाठ न टेकता बसते.

राहिला पैशाचा प्रश्न, आणि इथे मला खरा राग येतो. आपल्याकडच्या आरोग्यविम्याच्या करारांत काय भरून मिळणार नाही याची एक ठरावीक यादी असते. विमा नियामकांनी २०१९ मध्ये तिचे शब्द सर्वांसाठी सारखे करून दिले. त्यात ‘कॉस्मेटिक अथवा प्लॅस्टिक सर्जरी’ वगळलेली आहे. अपवाद फक्त अपघात, भाजणे, कर्करोग यांनंतरच्या पुनर्रचनेचा, किंवा आरोग्याला असलेला प्रत्यक्ष व तात्काळ धोका दूर करण्यासाठी वैद्यकीयदृष्ट्या आवश्यक ठरलेल्या उपचाराचा, आणि तेही उपचार करणाऱ्या डॉक्टरने तसे प्रमाणित केले तर. ‘तात्काळ’ या शब्दावर सगळे अडते. वीस वर्षे रोज थोडी थोडी मोडणारी पाठ तात्काळ कशी ठरणार? बाई एके दिवशी कोसळली असती तर तिला पैसे मिळाले असते. ती रोज उठून कामाला गेली हा तिचा अपराध. अमेरिकेतल्या विमा कंपन्या निराळीच तऱ्हा करतात: किती ग्रॅम निघेल ते सांगा, मग दुखते की नाही ते ठरवू. तराजूवर न्याय! पण तिथे निदान वाद घालायला आकडा असतो.

म्हणून शस्त्रक्रियेचा विचार मनात आल्या दिवसापासून कागद जमवावेत. पाठीच्या डॉक्टरांची चिठ्ठी, व्यायामोपचाराची नोंद, कातडीच्या डॉक्टरांनी चट्ट्यांसाठी दिलेली औषधे, तारखांसकट. शल्यवैद्याच्या पत्रात कोणते दुखणे, किती वर्षे आणि कोणते उपाय करून झाले हे स्पष्ट लिहून घ्यावे. विमा कंपनीला आधी लेखी विचारावे. नकार आला तर कारण लेखी मागावे आणि विमा लोकपालाकडे दाद मागावी. मिळेलच असे मी म्हणत नाही. पण नुसते ‘कॉस्मेटिक’ म्हणून फाइल मिटू देऊ नये.

शेवटी सहीचे. शस्त्रक्रियेच्या संमतीपत्रावर यजमानांची सही लागते असा समज आपल्याकडे इतका रुजला आहे, की परिचारिका कागद सवयीने त्यांच्यापुढेच धरते. सज्ञान, शुद्धीवर असलेल्या बाईची संमती तिची तिनेच द्यायची असते. सर्वोच्च न्यायालयाने २००८ सालच्या एका निकालात, चव्वेचाळीस वर्षांच्या एका बाईला भूल दिलेली असताना तिच्या आईची संमती घेऊन केलेली शस्त्रक्रिया ग्राह्य धरली नाही. त्याच निकालात असेही सांगितले, की उपचाराचे स्वरूप, त्यातले धोके, दुसरे पर्याय आणि उपचार न केल्यास काय होईल, हे रुग्णाला पुरेसे समजावून मगच संमती घ्यायची. तेव्हा कागद इंग्रजीत असेल तर मराठीत वाचून मागावा. देठ की कलम, व्रण किती, काढलेला भाग तपासणीला जाणार का, हे त्यावर हाताने लिहून घ्यावे. यजमान शेजारी बसले तर उत्तमच, चष्मा त्यांचा घ्यावा, पेन मात्र आपले. आणि सही झाल्यावर त्याची एक प्रत मागून आपल्या पिशवीत ठेवावी.